थिबा पॅलेसपासून अफूच्या पेटीपर्यंत : अमिताव घोष यांच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला थिबा पॅलेस वेगळा दाखवावा लागत नाही. शाळेची सहल लांब कुठे ठरली नाही की जायचं ठिकाण तेच. जांभ्याचा आणि लाल विटांचा तो भलाथोरला वाडा, उतरती छपरं, खाली भाट्याची खाडी. डबे खायचे, थिबा पॉइंटवर उभं राहून समुद्र बघायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी. ‘ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं होतं’ एवढं वाक्य आम्हाला पाठ होतं. पण त्याचं राज्य कशापायी गेलं, त्याला धरायला गेलेले शिपाई कोण होते, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

ही उत्तरं मला पुष्कळ वर्षांनी मिळाली, तीही अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीत. २००० साली आलेली ही इंग्रजी कादंबरी मंडालेत सुरू होते आणि बघता बघता आमच्या गावात उतरते. त्यानंतर मी घोषांची मिळेल ती कादंबरी वाचत गेले. ओळखीतले चांगले वाचणारे लोक मात्र त्यांच्यापाशी अडखळतात. पुस्तकं जाडजूड, माणसं ढीगभर, गोष्ट एका खंडातून दुसऱ्या खंडात जाते, आणि इंग्रजी म्हणावं तर पानोपानी बंदरावरचे, गोदीतले, शेतातले शब्द. पन्नास पानं वाचून पुस्तक बाजूला पडतं. हा लेख अशा वाचकांसाठी आहे.

माझ्या अनुभवाने सांगते, घोषांची कादंबरी हातात घेतली की कोण कुणाचा कोण याची यादी करत बसू नये. आधी एक वस्तू शोधावी. प्रत्येक कादंबरीत ती असतेच. कुठे सागवान, कुठे अफू, कुठे एक डास, कुठे भरतीचं पाणी, आणि एका कादंबरीत तर नुसता एक केस. ती वस्तू कुठून निघाली, कुणाकुणाच्या हातांतून गेली, पैसा कुणाच्या खिशात पडला आणि कुणाचं घर बसलं, एवढा माग काढला की माणसं आपोआप ओळखीची होतात. कारण ती सगळी त्या एका वस्तूच्या वाटेवर उभी असतात.

घोषांचा जन्म १९५६ मधला, कोलकात्याचा. बालपण भारत, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान आणि श्रीलंका असं विखुरलेलं. दिल्लीत शिक्षण, मग ऑक्सफर्डला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट, आणि त्या अभ्यासासाठी इजिप्तमधल्या एका खेड्यात मुक्काम. मानववंशशास्त्राचा अभ्यासक गावात राहतो, लोक काय खातात, कशावरून भांडतात, लग्नात देणंघेणं काय चालतं हे बारकाईने टिपतो. ही सवय घोषांच्या कादंबऱ्यांतून कधी सुटली नाही. पहिली कादंबरी ‘द सर्कल ऑफ रीझन’ १९८६ मध्ये आली. २०१८ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला तो तेव्हा पहिल्यांदाच मिळाला.

आता ‘द ग्लास पॅलेस’. यातली वस्तू म्हणजे सागवान. ब्रह्मदेशातली सागाची जंगलं तोडून लाकूड बाहेर पाठवणारी एक बडी कंपनी होती, ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. नावातच मुंबई आहे, कारण १८६३ मध्ये ती मुंबईतच स्थापन झाली. लाकडाचे ओंडके कमी दाखवून पैसे बुडवल्याबद्दल थिबाच्या दरबाराने कंपनीला दंड ठोठावला. इंग्रज सरकारला निमित्त हवंच होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावती नदीतून आगबोटी भरून फौज वर गेली आणि जेमतेम दोन आठवड्यांत राज्य संपलं. राजा तेव्हा विशीतच होता. त्याला, राणी सुपयालातला आणि लहान मुलींना आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. त्या काळच्या रत्नागिरीला रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद. कैदी ठेवायला याहून सोयीची जागा कुठली? आज आपण बघतो तो राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. थिबा १९१६ च्या डिसेंबरात तिथेच वारला. तीस वर्षं तो कोकणात होता, म्हणजे राज्य केलं त्याच्या चौपट काळ.

मंडाले पडतं त्या दिवशी राजकुमार नावाचा अकरा वर्षांचा अनाथ भारतीय पोरगा गर्दीबरोबर राजवाड्यात घुसतो. तिथे त्याला राजकन्यांची छोटी दासी डॉली दिसते. पुढे हाच राजकुमार सागाच्या धंद्यात श्रीमंत होतो आणि डॉलीला शोधत रत्नागिरीला येतो. पण मला या भागातलं सगळ्यांत जवळचं वाटतं ते राजाचं चित्र. घोषांचा थिबा रोज सज्जात उभा राहून दुर्बिणीतून समुद्र बघतो. कुठला मचवा कधी गेला, कुठला परतला नाही, हे गावाच्या आधी त्याला कळतं. परमुलखातला हा कैदी हळूहळू गावाचा राखणदार होऊन बसतो. थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी जमतं, ते मात्र घोषांनी रचलेलं नाही. तिची मुलगी पुढे रत्नागिरीतच, मराठी संसारात म्हातारी झाली. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट तळटीप होऊन राहिली असती. कादंबरीने तिला घर दिलं.

आणि माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर. थिबाला धरायला गेलेल्या फौजेत बहुसंख्य शिपाई भारतीय होते. मंडालेच्या लोकांनी शत्रू म्हणून पाहिले ते आपलेच चेहरे. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. आपण गुलाम होतो हे शाळेत शिकवतात. दुसऱ्याला गुलाम करायला आपले हात वापरले गेले, हे सहसा कुणी सांगत नाही. कादंबरीच्या उत्तरार्धात अर्जुन नावाचा सैन्यातला अधिकारी मलायाच्या रबराच्या मळ्यांत जपान्यांशी लढताना याच प्रश्नापाशी येऊन ठेपतो. ही लढाई मी नेमकी कुणासाठी लढतोय? त्यातून तो आझाद हिंद सेनेकडे वळतो. शेवटच्या एक-तृतीयांश पानांत पात्रं फार झाली आहेत आणि घोष काहीसे घाईत आहेत, हे मान्य. पण मंडाले, रत्नागिरी आणि मलाया या तीन भागांसाठी ही कादंबरी दोनदा वाचावी.

‘द शॅडो लाइन्स’ १९८८ मधली. आकाराने लहान, आणि माझ्या मते घोषांचं सर्वांत बांधीव लेखन. साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो हिलाच. यातली वस्तू म्हणजे एक केस. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यात जतन केलेला, हजरत पैगंबरांचा मानला जाणारा पवित्र केस २७ डिसेंबर १९६३ ला नाहीसा झाला. काश्मीरमध्ये सगळे धर्म एकत्र येऊन रस्त्यावर उतरले, आठवड्याभरात केस परत मिळालाही. पण त्याचा भडका उडाला तो तिथून पार लांब, पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात, आणि त्याचा बदला म्हणून कोलकात्यात. कादंबरीतल्या एका कोलकात्याच्या कुटुंबाने त्याच जानेवारीत ढाक्याला जायचं ठरवलेलं असतं. घरची आजी, ठाम्मा, मूळची ढाक्याची. जुन्या घरात एकटे राहिलेले तिचे म्हातारे काका तिला सोबत आणायचे असतात. सोबत असतो त्रिदीब, निवेदकाचा लाडका नातलग. पुढे काय होतं हे पानापानांवर अगदी हळू उलगडतं, म्हणून इथे सांगत नाही.

मला सांगायचं आहे ते ठाम्माच्या घराबद्दल. तिच्या लहानपणी वडील आणि काका भांडले आणि घराची वाटणी झाली. आपल्याकडेही सोपा आणि माजघर यांच्या मधून भिंत घातलेली घरं गावोगाव आहेत, त्यामुळे हे वेगळं समजवायला नको. दोघे भाऊ वकील. कायद्याने मोजून भिंत अशी सरळ नेली की ती दारांमधून आणि एका संडासामधूनही गेली. मग ठाम्मा धाकट्या बहिणीला गोष्टी रचून सांगायची, ‘पलीकडे सगळं उलटं असतं, जेवणात आधी गोड वाढतात आणि शेवटी डाळ.’ बहीण मोठी झाली तरी त्या पलीकडच्या घराचं दोघींना वाटणारं कुतूहल गेलं नाही. वर्षांनी विमानाने ढाक्याला जायची वेळ येते तेव्हा शिस्तीची, निवृत्त मुख्याध्यापिका असलेली ही बाई मुलाला विचारते, वरून सीमा दिसेल का रे? खंदक असतील, निदान काहीतरी? मुलगा हसतो. तिचं मात्र हसण्यावारी जात नाही. तिथे काहीच नसेल तर एवढी माणसं मेली ती कशासाठी, असा तिचा प्रश्न आहे. फाळणीवर शेकडो पानं लिहिली गेली असतील. त्या प्रश्नाइतकं थेट मी क्वचितच काही वाचलं आहे.

मोठा झालेला निवेदक दिल्लीतल्या एका वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळतो. त्याला १९६४ ची दंगल आठवते, पण मित्रांना ती माहीतच नाही. त्या दिवसांत मद्रासला कसोटी सामना होता, बुधी कुंदरनने शतक ठोकलं होतं, या आठवणीच्या दोऱ्याने तो योग्य तारखेपर्यंत पोचतो. क्रिकेटच्या बातमीच्या सोबतीला खुलन्याच्या दंगलीची बातमी असते. मग तो नकाशा उघडतो, कंपासचं टोक खुलन्यावर ठेवतो, पेन्सिल श्रीनगरवर, आणि वर्तुळ काढतो. त्या वर्तुळात किती देश येतात हे पाहून तो चक्रावतो. कोलकात्याला दिल्लीपेक्षा थायलंडमधलं च्यांग माय जवळ आहे. मी हा खेळ घरी करून पाहिला. मुंबईवर टोक ठेवलं तर कोलकात्याहून मस्कत जवळ निघतं. तरी मस्कतच्या माणसाचं दुःख आपल्याला परकं आणि कोलकात्याचं आपलं, असं का? कादंबरीचं नाव ज्या सावल्यांच्या रेषांवरून आलं आहे, त्या याच.

१९९० च्या दशकातली ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ मी थोडक्यात आटोपते, कारण ती घोषांची वाट सोडून बाजूला जाणारी आहे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, १९०२ मध्ये नोबेल मिळवलं. घोष विचारतात, रॉसच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या, नळ्या धुणाऱ्या नोकरांना त्याच्याहून जास्त कळत असेल तर? त्यावर त्यांनी एक भुताखेतांची, विज्ञानाची, गूढ कथा रचली आहे. कल्पना झकास. शेवट मात्र मुद्दाम धूसर ठेवलेला आहे आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याचा त्यात गोंधळ उडतो. घोषांची पहिली कादंबरी म्हणून ही घेऊ नये.

आता अफूकडे. ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८), ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) आणि ‘फ्लड ऑफ फायर’ (२०१५) ही तीन पुस्तकांची माळ ‘आयबिस’ नावाच्या जहाजावरून ओळखली जाते. घोषांचं सर्वांत मोठं काम हेच, आणि वाचक सर्वांत जास्त अडतो तेही इथेच. अडतो कारण त्यामागचा व्यवहार कुणी समजावून दिलेला नसतो. तो एकदा नीट पाहू.

इंग्रजांना चिनी चहाची चटक लागली होती. चीनला त्यांच्याकडून फारसं काही नको होतं, फक्त चांदी हवी होती. चांदीचा ओघ उलटा कसा फिरवायचा? चिनी लोकांना अफूची सवय लावायची आणि ती हिंदुस्थानात पिकवायची. चीनने अफूवर बंदी घातलेली होती. म्हणून ईस्ट इंडिया कंपनी स्वतः हात वर ठेवायची. बिहार आणि बनारस भागात ती शेतकऱ्यांकडून खसखशीचा चीक गोळा करायची, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत त्याचे गोळे बनवायची, पेट्या भरून कोलकात्यात लिलाव करायची. पुढे तो माल चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवायचं काम खासगी व्यापाऱ्यांचं. पैसा चांदीच्या रूपाने फिरून चहाकडे जायचा.

शेतकऱ्याला यात कसं अडकवलं? आगाऊ रक्कम देऊन. ऊसतोड मजुरांची ‘उचल’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे एका शब्दात कळेल. कंपनीचा माणूस दारात येतो, पैसे हातात कोंबतो, अंगठा घेतो. मग पीक त्याच्या भावात त्यालाच द्यायचं, आणि हिशेबाअंती देणं शिल्लकच. ‘सी ऑफ पॉपीज’ची नायिका दीती गाझीपूरजवळची. घोष हे सगळं अर्थशास्त्र तिच्या घराच्या छपरावरून सांगतात. छप्पर गळतंय, शाकारायला हवं. पण गव्हाचा पेंढा नाही, कारण गहू नाही, कारण पूर्वी जिथे गहू, डाळी, भाजी होती तिथे आता दूरवर फक्त पांढरी फुलं. माझ्या आजोळी दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी व्हायची. पेंढ्याविना काय अवस्था होते हे मला तिच्याहून वेगळं माहीत नाही, म्हणूनच कदाचित ते पान माझ्या मनात एवढं रुतलं.

दीतीचा नवरा अफूच्या कारखान्यात कामाला. तो आजारी पडल्याचा निरोप येतो आणि ती त्याला आणायला जाते. त्या फेरीतून घोष आपल्याला अख्खा कारखाना दाखवतात. आत शिरताच हवेतल्या धुळीने शिंका सुरू होतात. एका अंधाऱ्या दालनात मोठाल्या हौदांमध्ये कमरेइतक्या अफूत उतरलेली उघडी माणसं चिखल तुडवावा तसं तुडवत फिरत असतात, डोळे निर्जीव, पाय मात्र चालू. दुसरीकडे फुलांच्या पाकळ्या भाकरीसारख्या थापून त्यात अफूचे गोळे गुंडाळतात. बाहेर गटाराचं पाणी पिऊन सुस्तावलेली माकडं. गाझीपूरचा हा कारखाना आजही चालू आहे, आता औषधांसाठी लागणाऱ्या अफूवर सरकारी देखरेखीत तिथे काम होतं.

नवरा मरतो, दीतीला सती घालायची तयारी होते, आणि कलुआ नावाचा धिप्पाड बैलगाडीवाला तिला चितेवरून उचलून पळवतो. तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला, ती वरच्या जातीतली. गावात जगणं शक्यच नाही. दोघं गिरमिटिया होतात, म्हणजे करारावर मॉरिशसला जाणारे मजूर. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’चं लोकांच्या तोंडी झालेलं रूप म्हणजे हे गिरमिट. नोंदणीच्या वेळी कारकून कलुआचं नाव कानाला येईल तसं लिहितो, ‘मॅडो कोल्वर’. पुढे मॉरिशसमध्ये अख्खा वंश कोल्वर आडनावाने वाढतो. एका कारकुनाच्या कानाने एका घराण्याचं नाव ठरवलं! मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातले, मराठी बोलणारे मजूरही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे मराठी भाषा आणि गणपती जपून आहेत. दीती भोजपुरी असली तरी ती वाट आपल्या लोकांनीही चाललेली आहे.

दीती-कलुआला मॉरिशसला नेणारं जहाज म्हणजेच ‘आयबिस’. त्यावर अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून आलेला झकारी रीड आहे, कर्जात बुडालेला आणि कैदी होऊन निघालेला राजा नीलरतन हलदर आहे, अफूसाठी तडफडणारा आह फत्त आहे. आणि आहेत लस्कर, म्हणजे खलाशी. अरब, मलबारी, बंगाली, चिनी, आफ्रिकी अशा या माणसांची आपापसांत एक मिसळलेली बोली होती. घोषांनी एकोणिसाव्या शतकातले जुने कोश धुंडाळून ती उभी केली. इंग्रज वाचकाला इथे घाम फुटतो. मराठी वाचकाला फुटायचं कारण नाही. झकारीला जहाजावर काय काय नव्याने शिकावं लागतं ते बघा. मास्ट म्हणजे ‘डोल’. आपली डोलकाठी! जहाजाची डावी बाजू म्हणजे ‘डावा’. पुढचा भाग ‘आगिल’, मागचा ‘पिछिल’. आज्ञा म्हणजे ‘हुकूम’. खलाशांचा म्होरक्या ‘सरंग’, त्याच्या हाताखालचा ‘टिंडल’, आणि किनाऱ्यावर सारंग आणि तांडेल ही आडनावं कुणाला माहीत नाहीत? जहाज वळवणारा ‘सीकनी’, त्यात आपलं सुकाणू लपलेलं. हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मोठ्याने म्हणून पाहिले. घोषांनी पानाखाली अर्थ दिले नाहीत याबद्दल काही समीक्षकांची तक्रार असते. मला वाटतं त्यांनी योग्य केलं. बंदरावर नव्याने आलेल्या माणसाला तळटिपा मिळत नाहीत. तो ऐकतो, चुकतो, शिकतो. आपणही तसंच करावं. नाही कळला एखादा शब्द तर पुढे जावं, दहा पानांनी तो पुन्हा भेटतो आणि तेव्हा कळतो.

‘रिव्हर ऑफ स्मोक’ आपल्याला चीनच्या कॅन्टन बंदरात नेते आणि तिथे मुंबई समोर येते. बिहारची अफू कंपनीच्या मुठीत होती, पण माळव्याची नव्हती. माळवा होता शिंदे-होळकरांच्या मुलखात. तिथला माल दमणच्या आणि मुंबईच्या बंदरातून बाहेर पडायचा, आणि त्याची कमाई मोठ्या प्रमाणावर इथल्या व्यापाऱ्यांच्या हाती राहायची. पारशी, मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान, सगळे त्यात होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, त्यात अफूही होती. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय, माहीमचा कॉजवे ही त्या घराण्याच्या दानाची नावं मुंबईत रोज घेतली जातात. दान खरंच होतं आणि त्यामागचा चिनी माणसाचा धूरही खराच होता. हे दोन्ही एकदम मनात धरून ठेवणं अवघड जातं, आणि घोष नेमकं तेच करायला लावतात.

त्यासाठी त्यांनी बहराम मोदी उभा केला आहे. मुंबईचा हा पारशी व्यापारी खाऊपिऊ घालणारा, मोकळा, प्रेमळ. सासरच्या ओझ्याखाली दबलेला, कॅन्टनमध्ये एका चिनी नावाडी बाईवर मनापासून जीव लावलेला. ‘अनाहिता’ हे जहाज माळव्याच्या अफूने भरून त्याने आयुष्याचा डाव लावलाय. आणि त्याच वेळी, १८३९ मध्ये, चिनी बादशहाचा आयुक्त लिन झेशू कॅन्टनला येतो. सचोटीचा माणूस, विकत घेता न येणारा. तो परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेतो आणि समुद्राकाठच्या खड्ड्यांत मीठ आणि चुना घालून नष्ट करतो. वाचताना आपण लिनच्या बाजूने असतो आणि जीव मात्र बहरामसाठी तुटतो. वाईट धंदा करणारा माणूस वाईटच असायला हवा होता, आपल्याला सोपं गेलं असतं. घोष ती सोय देत नाहीत.

‘फ्लड ऑफ फायर’मध्ये पहिलं अफू युद्ध येतं. चीनने माल बुडवला म्हणून इंग्रज आरमार घेऊन गेले, १८४२ मध्ये तह झाला, हाँगकाँग गेलं, भरपाईही चीननेच द्यायची. त्या फौजेत पुन्हा हिंदी शिपाई आहेत. दीतीचा भाऊ केसरीसिंग त्यांतला हवालदार. मंडालेच्या रस्त्यावर दिसलेले ते चेहरे त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी चीनमध्ये होते, हे इथे कळतं. बहरामची विधवा शिरीनबाई मुंबईची चौकट ओलांडून एकटी चीनला जाते, तो भाग मला या पुस्तकात सगळ्यांत आवडला. झकारीचं पहिल्या भागातल्या गुणी पोराचं अफूच्या सौदागरात होणारं रूपांतर मात्र मला जरा ओढून आणल्यासारखं वाटतं.

पाण्याबद्दल बोलायचं तर ‘द हंग्री टाइड’ (२००४). सुंदरबनात नद्या दिवसातून दोन्हीकडे वाहतात, बेटं भरतीत बुडतात आणि ओहोटीत वर येतात. पिया ही अमेरिकेत वाढलेली संशोधक तिथल्या डॉल्फिनांचा अभ्यास करायला येते. फोकीर हा निरक्षर कोळी तिला होडीतून फिरवतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी सगळं समजतं. सहा भाषा येणारा दुभाषा कनाई मात्र बाहेरच राहतो. याच बेटांवर मरीचझांपी आहे. फाळणीनंतरच्या बंगाली निर्वासितांना सरकारने दंडकारण्यात नेऊन टाकलं होतं, आपल्या गडचिरोलीतही मुलचेरा, चामोर्शीकडे अशा बंगाली वस्त्या आहेत. दंडकारण्यातले हजारो जण १९७८ मध्ये उठून सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर आले, गाव वसवलं. ते जंगल वाघांसाठी राखीव आहे असं म्हणत १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि त्यांना हुसकावून लावलं, माणसं मेली. त्या माणसांचा प्रश्न कादंबरीत येतो: आमच्या जिवाहून वाघाचा जीव मोलाचा मानणारे हे कोण? आणि दुसरीकडे गोठ्यात अडकलेल्या वाघाला गावकरी जाळतात तेव्हा पिया थरथरत उभी असते. घोष निकाल देत नाहीत. शेवटच्या वादळानंतर पियाच्या हातात एक छोटं जीपीएस यंत्र उरतं. फोकीर ज्या ज्या खाडीतून तिला घेऊन गेला, ती प्रत्येक वाट त्यात नोंदलेली आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचं आयुष्यभराचं ज्ञान त्या ठिपक्यांत.

१७ मार्च १९७८ ला दिल्लीत चक्री वावटळ आली. विद्यार्थी असलेले घोष तिच्या वाटेत सापडले आणि वाचले. ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या २०१६ च्या वैचारिक पुस्तकात ते सांगतात की हा प्रसंग कादंबरीत घालायचा त्यांनी किती प्रयत्न केला, पण जमलं नाही. खोटा वाटेल अशी भीती. आधुनिक कादंबरीला रोजचं, शक्य वाटेल असंच लागतं, म्हणून हवामानाचा कोप तिच्यात मावत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच पुस्तकात त्यांनी अरबी समुद्रातलं मोठं वादळ मुंबईवर आलं तर काय होईल याची चिंता लिहिली होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. आमच्याकडे दापोली-मंडणगडच्या कित्येक बागा तेव्हा मुळासकट आडव्या झाल्या. सुपारी पुन्हा धरायला वर्षं जातात.

ती न मावणारी गोष्ट मावून दाखवायचा प्रयत्न म्हणजे ‘गन आयलंड’ (२०१९). बंगालमधली बंदुकी सौदागराची लोककथा, सापांची देवी मनसा, आणि व्हेनिसला पोचणारे आजचे बांगलादेशी स्थलांतरित. सौदागराला ‘बंदुकी’ का म्हणायचे? कादंबरीतला उलगडा असा की अरबीत व्हेनिसचं नाव ‘अल-बुंदुकिय्या’. म्हणजे बंदुका विकणारा नव्हे, व्हेनिसला जाऊन आलेला. कादंबरीचं ऐकलं तर आपण रोज वापरतो तो ‘बंदूक’ शब्द असा एका शहराकडे बोट दाखवतो. कादंबरीत योगायोग जास्त झालेत, पात्रं कधी कधी व्याख्यान देतात. तरी हा शब्दाचा उलगडा वाचला त्या दिवशी माझा दिवस चांगला गेला.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी आधी ‘द शॅडो लाइन्स’ देते, मग ‘सी ऑफ पॉपीज’. कोकणातल्या माणसाला मात्र ‘द ग्लास पॅलेस’च, आणि शक्य असेल तर दुसरा भाग थिबा पॉइंटवर बसून वाचायला सांगते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मचवे खाडीत परतायला लागतात तेव्हा.